तुम्ही काढलेलं नाटकमंडळ

६ सप्टेंबर

दादा,

तुम्ही मला ओळखत नाही. पण मी तुम्हाला चांगलं ओळखतो असं तुमच्या बाबांना सांगून आलोय, आणि हे काही मी बरं केलं नाही.

आधी सगळं ओकून टाकतो, मग तुम्ही शिव्या द्या. तुमच्या बाबांच्या दुकानात बसून, त्यांचाच चहा पीत, मी त्यांना सांगितलं की तुम्ही कॉलेजात असताना आमच्या नाटकमंडळात होतात. मला तुमच्याबद्दल काडीची माहिती नव्हती. तरी सांगितलं.

मी तुमच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. खरं तर तिसऱ्याला असायला हवा होतो, पण ते जाऊ दे. सगळे मला किडा म्हणतात, कारण मला शांत बसवत नाही. प्रिन्सिपॉलचा आवाज मला हुबेहूब जमतो. जुलैमध्ये ऑफिसातल्या माइकवरून त्यांच्या आवाजात अर्ध्या दिवसाची सुट्टी जाहीर केली. अर्धं कॉलेज घरी गेलं, त्यात दोन सरसुद्धा होते. मला काढून टाकणारच होते, पण नाटकमंडळाच्या मॅडम मधे पडल्या. म्हणाल्या, "तुझं तोंड एवढं चालतं ना, मग मंडळासाठी चालव. स्पॉन्सर आण."

तुम्ही कधी स्पॉन्सर मागितलाय का? शर्ट खोचायचा, फाइल काखेत मारायची, दुकानात शिरायचं. गल्ल्यावरचा माणूस सांगतो, मालक बाहेर गेलेत. तोच मालक असतो. चष्मेवाल्यानं चष्म्याच्या रिकाम्या डब्या दिल्या, पोतंभर. क्लासवाले म्हणाले, मध्यंतरात आमच्या सरांना भाषण करू द्या. आमची सेक्रेटरी, जिला आम्ही हेडमास्तर म्हणतो (तिच्या तोंडावर नाही), तिनं विचारलं, "चष्म्याच्या डब्यांत आपण काय ठेवायचं? प्रेक्षक?"

आमचं नाटक हॉस्पिटलच्या एका वॉर्डात घडतं. आठ खाटा लागतात. खाटा हॉस्टेलवाले देतायत, गाद्या देत नाहीत, कारण मागच्या वर्षी त्यांच्या गादीवर कोणीतरी शाई सांडली. कोणीतरी म्हणजे मी. म्हणून मी तुमच्या बाबांच्या गाद्यांच्या दुकानात गेलो.

त्यांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, "नाटकं घरी काय कमी झाली, म्हणून आता विकत घेऊ?"

मी उठलोच होतो. तेवढ्यात टेबलाच्या काचेखाली, गाद्यांच्या मापांच्या कागदाशेजारी, तुमचं ओळखपत्र दिसलं. आमच्याच कॉलेजचं. फोटोत तुम्ही असे बघताय जसं कोणी तुमची उलटतपासणी घेतंय. मी म्हणालो, "अरे, हे दादा तर आमच्या मंडळातले."

त्यांनी विचारलं, "कुठल्या मंडळातले?" आणि माझ्याकडे बघितलं. दादा, त्या दिवशी मी सगळा बाजार पालथा घातला होता, कोणी माझ्याकडे नीट बघितलं नव्हतं. मग मी थांबलोच नाही.

तुमचा पत्ता ऑफिसातल्या क्लार्ककाकांना चहा पाजून पाजून काढला. तुम्ही हल्ली राहता तिकडून पोस्टानं दाखला मागवला होता म्हणे. फोन नंबर काही त्यांच्याकडे नाही. मला एवढंच हवंय की तुम्ही तुमच्याबद्दल एखादी खरी गोष्ट कळवा. काहीही चालेल. म्हणजे मला खोटं थोडं कमी बोलावं लागेल.

तुमचा (नसलेला) मंडळबंधू,
किडा


१५ सप्टेंबर

दादा,

उत्तर आलं नाही. मला असं पत्र आलं असतं तर मीही दिलं नसतं.

मागच्या पत्रात मी थोडं लपवलं. मी "मंडळातले" एवढ्यावर थांबलो नव्हतो. मंडळ तुम्हीच काढलंत असं सांगितलं. कँटीनमागच्या खोलीत, स्वतः झाडून पुसून, पोरं गोळा करून. हे सगळं खरं तर मॅडमनी केलंय, मी फक्त माणूस बदलला. वर हेही सांगितलं की तुमची आठवण निघाली नाही अशी आमची एक तालीम जात नाही.

आता तुमच्या बाबांचं ऐका. त्यांना मी काका म्हणतो, त्यांनीच सांगितलं. गाद्या द्यायचं त्यांनी त्याच दिवशी कबूल केलं. भाड्यानं नाही, वापरलेल्या नाही, आठ नव्या, मापानं शिवून. मी म्हणालो, "काका, जुन्या चालतील. एका पेशंटला तर पहिल्याच अंकात मरायचंय." तर म्हणाले, "मरणाऱ्याची पाठ दुखू नये."

माप द्यायला मी रोज जातो. माप एकदाच द्यायचं असतं हे त्यांनाही माहीत आहे. गेलो की ते स्टूल पुढे सरकवतात, चहा सांगतात आणि गादीला टाके घालता घालता विचारतात, "मग? अजून काय काय करायचा तो?"

मी सांगतो. तुम्ही म्हाताऱ्याचं काम छान करायचा. तुम्ही सगळ्यांना खूप हसवायचा.

"हसवायचा?" त्यांची सुई थांबली. "आमच्याकडे तर जेवताना मान वर करायचा नाही."

मग पुन्हा टाके घालायला घेतले. नंतर स्वतःहूनच बोलायला लागले. म्हणाले, "कॉलेज दुपारी सुटायचं. हा घरी यायचा आठनंतर. मी रोज विचारायचो, कुठे उंडारत होतास? दुकानात माणूस कमी पडतं, दिसत नाही का तुला? तो गप्प. वर्षभर विचारलं, वर्षभर गप्प. नाटकात असतो म्हणाला असता तर..."

मी म्हणालो, "तर?"

"तर तेव्हाही ओरडलोच असतो," ते म्हणाले आणि हसले. "पण निदान कशावर ओरडतोय ते कळलं असतं."

तुम्ही घर सोडलंत त्या रात्री ते तुम्हाला म्हणाले होते ना, दुकानात बसायचं नसेल तर या घरातही बसू नकोस? तेही त्यांनी मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं. म्हणाले, "बोलताना मला वाटलं, दुकानात येऊन बसेल."

दादा, आता ते गिऱ्हाइकांनाही सांगायला लागलेत. काल एक बाई उशा बघत होत्या, त्यांना म्हणाले, माझ्या मुलानं कॉलेजात नाटकमंडळ काढलं. बाई म्हणाल्या, वा. त्यांनी दोन उशांवर एक उशी फुकट दिली.

मी लोकांना गंडवतो, मग ते चिडतात, सगळे हसतात, आणि संपतं. हे संपतच नाहीये. एक ओळ तरी लिहा. शिवी लिहिली तरी चालेल.

किडा


२३ सप्टेंबर

दादा,

कार्ड मिळालं. दोन ओळी. "मी कुठल्याही मंडळात नव्हतो. पुन्हा लिहू नकोस." मी पुन्हा लिहितोय हे तुम्हाला दिसतंच आहे. कार्डाला पीठ लागलं होतं. तुम्ही बेकरीत असता का? मी काकांना कार्डाबद्दल काही बोललो नाही, पण खिशात ठेवून दुकानात गेलो होतो आणि सारखा खिसा चाचपत होतो.

तुम्ही रागावलात ते बरोबरच आहे. पण प्रकरण आता माझ्या हाताबाहेर गेलंय, म्हणून लिहावं लागतंय.

स्टेजवर मागे एक मोठा कापडी फलक लावतात. मुख्य स्पॉन्सरचं नाव त्यावर सगळ्यात मोठं. आमची पद्धतच आहे, त्या नावासाठी तर लोक देतात. मी काकांना विचारायला गेलो की दुकानाचं नाव कसं लिहू, सोबत गादीचं चित्र काढू का. ते म्हणाले, "दुकानाचं नाव नको. दुकान लोकांना माहीत आहे. त्याचं नाव घाल. संस्थापक म्हणून."

मी म्हटलं, "काका, तशी पद्धत नाही."

"मग पाड. पैसे मी देतोय, गाद्या मी देतोय. नातेवाईक तीन वर्षं म्हणतायत पोरगं वाया गेलं. येऊन वाचू दे त्यांना." आणि तुमच्या आत्याला समोरच फोन लावला. म्हणाले, पुढच्या महिन्यात सतरा तारखेला नाटकाला सगळ्यांनी यायचं, पुढच्या रांगेत बसायचं. आत्यांनी काय विचारलं माहीत नाही, पण हे म्हणाले, "ते तिथे आल्यावर कळेल तुला." लहान मुलासारखे खूश होते.

मी हेडमास्तरकडे गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू इतका मूर्ख असशील असं मला वाटलं नव्हतं. थोडा वाटला होतास." मग माझ्या कॉलरला धरून मॅडमकडे घेऊन गेली.

मला वाटलं मॅडम ओरडतील. त्या चष्मा काढून बसल्या. म्हणाल्या, "माझं नाव फलकावर नाही आलं तरी मला काही वाटणार नाही. आजपर्यंत कधी आलेलं नाही. पण तो माणूस सगळ्या नातेवाइकांना घेऊन येणार, पुढे बसणार, आणि मागच्या रांगेतलं कोणीतरी जुनं पोरगं म्हणणार, हा कोण संस्थापक? मग त्यानं कुठे तोंड लपवायचं?"

मी म्हणालो, "गाद्या गेल्या तर?"

"चादरीवर करू नाटक. तू जा आणि सांग."

मी दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं. तुमचं नाव पुन्हा विचारलं. मग म्हणाल्या, "दोन वर्षं माझ्या वर्गात होता. मला त्याचा चेहरा आठवत नाहीये." हे त्या मला सांगत नव्हत्या. खिडकीकडे बघत होत्या.

मी उद्या जाऊन सांगणार. निदान परवा तरी.

किडा


२९ सप्टेंबर

दादा,

सांगितलं. उद्या-परवा करत चार दिवस काढले, पण सांगितलं.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सातवी गादी तयार होऊन भिंतीला उभी होती, आठवीवर ते गुडघे टेकून बसले होते. मी ठरवून गेलो होतो की थोडी गंमत करत सांगायचं, म्हणजे त्यांना लागणार नाही. पण सुरुवातच जमेना. शेवटी म्हणालो, "काका, दादांनी मंडळ काढलेलं नाही. ते मंडळात पण नव्हते. मी त्यांना कधी बघितलेलं नाही. मला गाद्या पाहिजे होत्या."

त्यांनी टाका पूर्ण केला. दोरा दातानं तोडला.

"म्हातारा?" त्यांनी विचारलं.

"नाही केला त्यांनी."

"हसवायचा ते?"

"मला माहीत नाही."

"खोली झाडून काढली ते?"

"ते आमच्या मॅडमनी. मॅडमचंच आहे सगळं."

मला वाटलं आता एक बसणार. मी गाल तयार ठेवला होता, खरंच. ते उठले, हात झटकले, कापसाचे कण उडाले. म्हणाले, "बहिणीला सांगून बसलोय मी." मग म्हणाले, "गाद्या घेऊन जा. शब्द मी दिलाय, तू नाही. नाव कोणाचं नको फलकावर."

मी तसाच उभा. जाववत नव्हतं. ते खुर्चीत बसले, काचेवर हात ठेवून, तुमच्या फोटोवर. आणि दादा, त्यांनी जे विचारलं ते मी तसंच्या तसं लिहितो.

"मग तो रोज आठपर्यंत असायचा कुठे?"

ते म्हणाले, "तुझ्यामुळे तीन आठवडे मला ठाऊक होतं. रात्री पडलो की वाटायचं, तेव्हा तो तिथे होता, पोरांत होता, हसत होता. मी उगाच ओरडत होतो, पण तो बरा होता. आता पुन्हा माहीत नाही."

मी त्यांना सांगून टाकलं की माझ्याकडे तुमचा पत्ता आहे आणि मी तुम्हाला लिहितो. लपवायला आता काही उरलंच नव्हतं. वाटलं पत्ता मागतील. मागितला नाही. नुसतं म्हणाले, "विचार त्याला."

म्हणून विचारतोय. मला काही अधिकार नाही. मला फक्त एवढं कळतं की मी तुमच्या घरात नसतो उद्योग करून बसलोय.

एक माझं सांगू? मी मावशीकडे राहतो. आई-बाबा कामाला दुसरीकडे असतात, मावशीची पहाटेची पाळी असते, मी घरी जातो तेव्हा ती झोपलेली असते. मी आठला जातो, नऊला जातो, कधी त्याहून उशिरा. मला आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही, कुठे उंडारत होतास. तुम्हाला त्याचा किती त्रास झाला असेल ते मला कळतं. तरी वाटतं, एकदा कोणी विचारावं. बघू तरी कसं वाटतं.

किडा


८ ऑक्टोबर

दादा,

तुमचं पत्र परवा आलं. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. मी ते तालमीला जाताना वाचलं आणि पहिल्या अंकाला उशिरा पोचलो, म्हणजे माझा पेशंट मेलाच नाही, हेडमास्तरनं मेला असं समजून पुढे रेटलं.

तुम्ही लिहिलंत ते मी काकांना अजून सांगितलेलं नाही. आधी स्वतः जाऊन बघितलं. माझा आजकाल कोणावर पटकन विश्वास बसत नाही, हे मीच बोलावं म्हणजे कमाल आहे.

दुकानासमोरची ती इमारत तशीच आहे. वर दातांचा दवाखाना. जिन्याच्या वळणावर जाळीची खिडकी आहे आणि तिच्याखालची पायरी थोडी रुंद. तिथेच बसायचात ना तुम्ही? मी संध्याकाळी जाऊन बसलो. तिथून काकांचं टेबल एवढं समोर दिसतं की ते कुठल्या हातानं कान खाजवतात तेही कळतं.

थोड्या वेळानं दवाखान्यातल्या मदतनीस बाई खाली आल्या. म्हणाल्या, "दात दुखतोय का? वर चल की." मी हो म्हणालो, सवयीनं. त्या म्हणाल्या, "तुझ्यासारखा एक होता पूर्वी. रोज इथपर्यंत यायचा, वर यायची हिंमत व्हायची नाही बिचाऱ्याची. डॉक्टर म्हणायचे, त्याला ओरडू नका, येईल तयार होऊन." दादा, तुमची आठवण काढणारं एक तरी माणूस मला सापडलं. खोटं नाही सांगत.

माझा एक दात खरंच किडलेला निघाला, तो भाग सोडून देतो.

तुम्ही लिहिलंत, दुकान बंद होईपर्यंत मी तिथे बसायचो, कारण आधी घरी गेलो तर बाबा दुकानात बसवतील. शटर पडलं की मागच्या गल्लीनं घरी. एवढंच, दुसरं काही नाही, असं लिहिलंत. पण दादा, दुकान चुकवायचं असेल तर माणूस कुठेही जाईल. बागेत जाईल, मित्राकडे जाईल. दुकानाच्या बरोब्बर समोर कोण जाऊन बसतं? मी फारसा शिकलेला नाही, मला विचारू नका, पण मला ते समजत नव्हतं. मग तिथे बसून राहिलो तेव्हा थोडं समजल्यासारखं वाटलं. गिऱ्हाईक नसलं की काका एकटेच गादीवर थोपटत बसतात. चहा आला की दुसरा कप कोणाला द्यायचा ते शोधतात. तिथून ते घरच्यापेक्षा चांगले दिसत असतील. ओरडत नाहीत तेव्हा.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. तुम्ही बघितली नसेल, कारण शटरचा आवाज झाला की तुम्ही उठून मागच्या गल्लीनं पळत असणार. मी बसून राहिलो. काकांनी शटर पाडलं, कुलूप लावलं. मग घराकडे वळले नाहीत. फुटपाथवर उभे राहिले आणि रस्त्याच्या एका टोकापर्यंत बघितलं, मग दुसऱ्या टोकापर्यंत. सावकाश. घाईनं घरी जाणारा माणूस असा बघत नाही. मग किल्ली खिशात टाकून गेले.

बाई जिन्यात झाडू मारत होत्या. मी विचारलं, हे रोज असं करतात? त्या म्हणाल्या, "मी इथे लागले तेव्हापासून बघतेय. मला वाटायचं रिक्षा बघतात."

म्हणजे तुम्ही वरून त्यांच्याकडे बघत होतात, आणि ते खाली तुम्हाला शोधत होते, आणि दोघांच्या मधे एक जिना होता. रोज. आणि नंतर घरी जाऊन ते ओरडायचे आणि तुम्ही मान खाली घालून जेवायचा.

हे मी त्यांना सांगू शकत नाही. मी आजपर्यंत त्यांना जे जे सांगितलं ते खोटं निघालं. हे खरं आहे, आणि माझ्या तोंडून गेलं तर त्यांना वाटेल, पोरानं पुन्हा रचून आणलं. आणि विश्वास बसला तर अजूनच वाईट. मुलगा समोर बसून होता, आणि हे एका उपऱ्या पोरानं येऊन सांगायचं?

किडा


११ ऑक्टोबर

दादा,

आज गाद्या टेम्पोत चढवल्या. काका स्वतः दुकानाबाहेर आले होते, प्रत्येक गादीला मेणकापड गुंडाळून. टेम्पोवाला म्हणाला, नाटकाच्या गाद्यांना एवढं कोण जपतं. काकांनी पुढची गादी उचलली.

शेवटची चढवून झाली. टेम्पोवाला गाडी चालू करून बसला. काकांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "त्याचं काही आलं?"

मी "नाही" म्हणू शकलो असतो. दादा, माझ्या तोंडात तेच होतं. नाही म्हणालो असतो तर ते "बरं" म्हणाले असते, आणि शटर पाडून रस्त्याची दोन्ही टोकं बघून घरी गेले असते, उद्याही, परवाही. तुमचं पत्र माझ्या खिशात होतं. ते काढून दिलं असतं तर त्यांनी तिथे रस्त्यावर उभं राहून वाचलं असतं, जिन्याचं. तेही मला करवेना.

म्हणून मी म्हणालो, "आलं. दादांनी लिहिलंय, कुठे असायचो ते मीच येऊन सांगतो. पत्रात सांगण्यासारखं नाही. नाटकाच्या दिवशी येतो."

तोंडातून निघून गेलं. पहिल्या वेळीही असंच निघालं होतं, पण तेव्हा मला गाद्या पाहिजे होत्या. या वेळी मला काही नको होतं.

ते म्हणाले, "असं लिहिलंय त्यानं?"

मी हो म्हणालो.

"स्वतः सांगतो म्हणाला?"

मी पुन्हा हो म्हणालो. त्यांनी टेम्पोचं फळकं लावलं, कडी नीट बसली का ते दोनदा बघितलं. मग म्हणाले, "मी काही ओरडणार नाही म्हणावं. कुठेही असला तरी." आणि लगेच, "नाही, तसं नको लिहू. तो म्हणेल, आजच का नाही ओरडत. काहीच लिहू नकोस." आणि मग दुकानात गेले आणि आत्याला फोन लावला. मी बाहेरून ऐकलं. फलकाचं काही बोलले नाहीत. म्हणाले, "सतराला तू माझ्या शेजारची खुर्ची धरू नकोस, तिथे कोणी बसायचंय."

तर दादा, असं झालंय. हे वाक्य तुमचं नाही, मी तुमच्या तोंडी घातलंय. मागच्या खोट्याचं काही करता येत नव्हतं, कारण जे घडून गेलं ते मी बदलू शकत नव्हतो. हे अजून घडायचंय. तुम्ही आलात आणि त्यांना ते जिन्याचं सांगितलंत, तर मी खोटं बोललो असं कोणाच्या बापाला म्हणता येणार नाही. नाही आलात तर मी त्या माणसाला दुसऱ्यांदा फसवलंय, आणि या वेळी मॅडमना सांगायचीही माझी हिंमत नाही.

मी जबरदस्ती करत नाही. म्हणजे करतोय, पण हात जोडून करतोय. नाटक संध्याकाळी सहाला आहे. नाटक नाही आवडलं तरी चालेल, मी तर पहिल्याच अंकात मरतो. पुढच्या रांगेत, मधल्या वाटेपासून दुसरी खुर्ची. शेजारी ते असतील.

आणि आलात तर एवढं करा. ते विचारतील, "पत्रात तूच लिहिलंस ना, येऊन सांगतो म्हणून?" तेव्हा क्षणभरसुद्धा थांबू नका. हो म्हणा. सरळ हो. तुम्हाला माझ्यासारखी सवय नसेल, घरून निघताना दोनचारदा म्हणून बघा. मॅडमना सांगू नका, हेडमास्तरला तर नकोच, आत्यांना नको, दवाखान्यातल्या बाईंना नको. काकांना कधीच नको, मी म्हातारा झालो तरी नको. हे तुमचं वाक्य तुम्ही कधी लिहिलंच नव्हतं हे जगात फक्त आपल्या दोघांना माहीत आहे. दादा, पाया पडतो, ते दोघांतच राहू दे. कोणाला सांगू नका.

किडा